मागच्या डिफरन्शियलचा पिनियन नट नेमका किती आवळायचा?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी.

गाडी जुनी आहे. चेसिसवाली आठ सीटर डिझेल, ओढ मागच्या चाकांना. मागच्या हौसिंगच्या नाकातून, म्हणजे इंजिनची ओढ मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट जिथे डिफरन्शियलला (ही ओढ दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरांना) जोडला जातो तिथून, तेल गळतंय. हौसिंगला खालून तेल आणि धुळीचा काळा थर बसलाय, आणि वर गाडीच्या तळाला, बरोबर फ्लँजच्या (शाफ्ट जिला बोल्टांनी जोडतात त्या गोल तबकडीच्या) डोक्यावर, तेल उडून आडवा पट्टा उमटलाय. म्हणजे पिनियनचं (शाफ्टची ओढ घेऊन क्राऊन या मोठ्या दातेरी चाकाला फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाचं) ऑईल सील गेलं यात शंका नाही. जोडीला एक आवाज आहे. कुंभार्ली घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मागून घूंऽऽ असा सूर लागतो. पाय दिला की जातो.

सील बदलायचं तर फ्लँज काढायला हवा, आणि त्यासाठी मधला मोठा नट खोलायला हवा. इथवर कळतं. परत आवळताना किती आवळायचा, यावर मात्र जेवढी तोंडं तेवढी उत्तरं. एका गॅरेजात सांगितलं, नट आवळायची इम्पॅक्ट गन लावा, गन अडली की झालं. दुसरीकडे म्हणाले, खूण करून ठेवा आणि होता तिथेच आणा. ओळखीच्या फिटरचं म्हणणं, आतली स्लीव्ह (बेअरिंगांमधली नळी) बदलणार नसाल तर हातच लावू नका. आणखी एकाने टॉर्कचा, म्हणजे किती पिळाने आवळायचं त्याचा, आकडा दिला, तो भलत्याच गाडीचा निघाला.

काम मी स्वतः करणार आहे. हत्यारं आहेत, घोड्या आहेत, घाई नाही. पण कारण समजल्याशिवाय पाना लावायचा नाही असं ठरवलंय. हा नट आवळताना आपण आत नेमकं काय साधत असतो?

हातोडा_छन्नी

एवढं काय त्यात? पान्याला लांब पाइप घाला, दोघांनी जोर लावा, छन्नीने नटाची कड ठोका, विषय संपला. माझ्या हातचा एकही नट परत सैल झालेला नाही.

लाल_माती

नटाकडे जाण्याआधी एक बघाच. हौसिंगच्या वरच्या बाजूला छोटा ब्रीदर असतो, टोपीसारखा. आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात तो चिखलाने हमखास बुजतो. गाडी चालली की आतलं तेल तापतं, हवा फुगते, तिला वाट मिळाली नाही की ती सीलच्या ओठातून तेल बाहेर ढकलते. ब्रीदर बंद असताना नवं सील बसवलं तर तेही गळणार. शिवाय तेल जास्त भरलेलं नाही ना, तेही पाहा.

कोयनाकाठ

@लाल_माती, आत्ताच खाली शिरून पाहिलं. ब्रीदर खरंच गच्च होता, तार घालून मोकळा केला. पण सीलचा ओठ कडक होऊन चिरलाय, तो बदलावा लागणारच. आणि आवाजाचा प्रश्न उरतोच.

वर्कशॉपची_ताई

मी आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकल ट्रेड शिकवते. हातोडा भाऊ, नट सैल झाला नाही ही चांगली गोष्ट आहे, पण ती अर्धीच तपासणी झाली. त्या गाड्यांची बेअरिंगं पुढे किती चालली, हे पाहायला हवं.

कोयनाकाठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देते.

पिनियनचा दांडा दोन टेपर रोलर बेअरिंगांवर फिरतो. दातांच्या लगेच मागे मोठं, त्याला हेड बेअरिंग म्हणतात. फ्लँजच्या बाजूला लहान, ते टेल बेअरिंग. दोघं एकमेकांच्या विरुद्ध तोंडाने बसवलेली असतात. नट आवळला की फ्लँज आत सरकतो, तो टेल बेअरिंगची आतली रिंग पुढे ढकलतो आणि दोन्ही बेअरिंगांचे रोलर आपापल्या कपात (बाहेरच्या रिंगेत) दाबले जातात. आधी ढिलाई संपते, मग किंचित दाब येतो. हा दाब म्हणजे प्रीलोड. नट आवळून आपण हा प्रीलोड ठरवत असतो. म्हणून "नटाला किती टॉर्क" हा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न असा की आवळल्यावर पिनियन किती जड फिरतो.

हे इतकं महत्त्वाचं का, ते तुमच्या घाटातल्या आवाजावरूनच कळेल. या क्राऊन-पिनियनचे दात हायपॉईड असतात, वळणदार. पिनियनची मध्यरेषा क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली असते, त्यामुळे दात एकमेकांवर घासत सरकतात. इंजिन गाडीला ओढत असतं तेव्हा दातांचा रेटा पिनियनला क्राऊनपासून दूर ढकलतो. घाट उतरताना गाडी इंजिनला ढकलते, तेव्हा तोच रेटा पिनियनला क्राऊनकडे आत खेचतो. प्रीलोड बरोबर असेल तर पिनियन जागचा हलत नाही. प्रीलोड गेलेला असेल तर तो प्रत्येक वेळी पुढेमागे सरकतो, दात चुकीच्या जागी भिडतात आणि सूर लागतो. पाय काढल्यावर येणारा आवाज असेल तर मी सगळ्यात आधी पिनियनच्या बेअरिंगांवर संशय घेते.

उलट टोकही तितकंच वाईट. पाइप घालून दोघांनी जोर लावला तर बेअरिंग गरजेपेक्षा जास्त दाबलं जातं, तापतं, रोलरमधला तेलाचा पापुद्रा तुटतो आणि कपावर खड्डे पडायला लागतात. त्या दिवशी काहीच कळत नाही. काही महिन्यांनी बेअरिंग गुरगुरायला लागलं की लोक बेअरिंगच्या कंपनीला दोष देतात.

आता दोन बेअरिंगांच्या आतल्या रिंगांमध्ये काय आहे, यावर सगळी पद्धत अवलंबून आहे. तुमच्या गाडीत काय आहे?

रानजीप

ताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे उगाच अवघड करून सांगितलं जातंय. माझी जुन्या विलीज घराण्यातली जीप. मागे स्पायसर पद्धतीचा ॲक्सल, कॅसल नट (डोक्याला खाचा असलेला) आणि त्यात स्प्लिट पिन. स्पायसर ४४ ला मॅन्युअल साफ सांगतं: २०० ते २२० फूट-पाउंड, म्हणजे साधारण २७० ते ३०० न्यूटन-मीटर. टॉर्क पाना लावला, कट्ट आवाज आला, पिनचं भोक जुळेपर्यंत थोडा पुढे नेला, पिन घातली. भोक जुळवायला नट मागे कधीच आणायचा नाही, एवढा एकच नियम. कोणी स्लीव्ह-स्लीव्ह करत असेल तर त्याने जीप खोलून बघावी, आत अशी कुठलीही स्लीव्ह नाही.

वर्कशॉपची_ताई

रानजीप, तुमच्या जीपबाबत तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात, आणि म्हणूनच मी शेवटी तो प्रश्न विचारला.

तुमच्याकडे दोन बेअरिंगांमध्ये शिम आहेत, पातळ पोलादी चकत्या. प्रीलोड त्या चकत्यांच्या जाडीने आधीच ठरलाय. नट फक्त सगळं घट्ट धरून ठेवतो, म्हणून तिथे टॉर्कचा आकडा चालतो. शिम चुकीच्या जाडीच्या असतील तर ३०० न्यूटन-मीटरला आवळूनही पिनियन ढिला राहील किंवा जाम होईल.

दुसरी पद्धत क्रश स्लीव्हची. मध्ये पातळ पोलादाची नळी असते, पोट जरा फुगलेली. नट आवळत जाल तशी ती चेपते, आणि चेपलेली असताना उलट रेटा देऊन नटावर ताण टिकवते. इथे ठराविक टॉर्क म्हणून काही नसतं. नवी स्लीव्ह चेपायला सुरुवात व्हायलाच भरपूर जोर लागतो, २७० ते ४०० न्यूटन-मीटर सहज. नटाचा टॉर्क काय दाखवतो याला अर्थ नाही, पिनियन किती जड फिरतोय तेच मोजायचं. आणि स्लीव्ह चेपली की परत फुगत नाही. जास्त आवळलं गेलं म्हणून नट मागे फिरवला तर ताण निघून जातो आणि नट थोड्याच दिवसांत सुटतो. जास्त झालं तर एकच उपाय, नवी स्लीव्ह.

रानजीप

हे पटलं. मग आकडा मागणाऱ्याला आधी "आत काय आहे" असं विचारलं पाहिजे. मीही यापुढे तसंच विचारेन.

ईव्हीवाला_पुणे

आमच्या इलेक्ट्रिक गाडीला ना क्राऊन, ना पिनियन, ना नट. या सगळ्या जन्मजन्मांतरीच्या फेऱ्यातून सुटका. 🙂

डिझेल_धूर

डिफरन्शियल तुमच्याही गाडीत आहे हो. वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं ते कापतंच, मग इंजिन असो की मोटर. फरक एवढाच की मोटर आडवी बसवलेली असते, ओढ काटकोनात वळवायची गरज नसते, म्हणून साधे तिरप्या दातांचे गिअर चालतात. पुढच्या चाकांच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांतही तसंच, डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटातच. उभं इंजिन आणि मागचा ॲक्सल असला की क्राऊन-पिनियन आलाच.

ईव्हीवाला_पुणे

ही माहिती नव्हती. धन्यवाद. वाचतोय, गाडी नसली तरी धागा सोडवत नाही.

दापोडी_निवृत्त

एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत उमेदीची वर्षं गेली. बसचा पिनियन वेगळ्या केजमध्ये बसतो, त्यामुळे तो टेबलावर शिकंज्यात धरून प्रीलोड काढता येतो. ताईंनी सांगितलं ते अगदी तसंच. फक्त "किती जड फिरतो" हे मोजायचं कसं, ते राहिलं. खास डायलवाला टॉर्क पाना प्रत्येकाकडे नसतो. आम्ही दोरी आणि स्प्रिंगचा ताणकाटा वापरायचो, आणि ही पद्धत जुन्या मॅन्युअलांतही दिलेली असे.

फ्लँजच्या गोल कडेवर दोरीचे काही वेढे घ्यायचे. दोरीचं टोक ताणकाट्याच्या हुकाला. मग सरळ, एकसारखं ओढायचं. पहिल्या झटक्याला काटा जास्त दाखवतो, तो धरायचा नाही. फ्लँज फिरत असताना काटा जिथे स्थिर राहतो तो आकडा घ्यायचा. किलोला ९.८१ ने गुणायचं आणि फ्लँजच्या मध्यापासून दोरीपर्यंतच्या अंतराने, मीटरमध्ये, पुन्हा गुणायचं. उत्तर न्यूटन-मीटरमध्ये. म्हणजे फ्लँजचा व्यास १० सेंमी असेल, अंतर ५ सेंमी, आणि काटा २ किलो दाखवत असेल तर २ गुणिले ९.८१ गुणिले ०.०५, जवळजवळ १ न्यूटन-मीटर.

मोजण्याआधी बेअरिंगांना तेल लावून पिनियन बराच वेळ दोन्हीकडे फिरवायचा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. कोरड्या बेअरिंगवर घेतलेला आकडा फसवतो. आणि हातोडा साहेब, माझाही हात बसलेला आहे, हाताने फिरवून मला अंदाज येतो. तरी मी काटा लावल्याशिवाय एकही पिनियन बाहेर सोडला नाही. हात थकलेला असतो, सकाळी वेगळा असतो, संध्याकाळी वेगळा.

हातोडा_छन्नी

काका, तुमच्यापुढे बोलायची माझी पात्रता नाही. पण ताणकाटा आणायचा कुठून?

लाल_माती

रद्दीवाल्याकडचा चालतो. नाहीतर विमानप्रवासाला बॅग मोजायचा मिळतो ना, हुकाचा, डिजिटल, तोही चालेल. आमच्या मासळीवालीचा मात्र मागू नका, बाजाराच्या दिवशी ती देणार नाही. 😄

डेट्रॉईटकर

मी मिशिगनमध्ये असतो. इथे फोर्डचा ८.८ इंची मागचा ॲक्सल खूप गाड्यांत दिसतो, माझ्या जुन्या मस्टँगलाही तोच. तो क्रश स्लीव्हवाला. आकडे सांगतो, म्हणजे अंदाज येईल: नव्या बेअरिंगांना १६ ते २९ इंच-पाउंड, वापरलेल्यांना ८ ते १४. न्यूटन-मीटरमध्ये नव्यांना १.८ ते ३.३, जुन्यांना ०.९ ते १.६. नटाला किमान १४० फूट-पाउंड तरी हवेतच, त्याआधीच प्रीलोड आला तर स्लीव्ह बदला. हे फक्त त्या ॲक्सलचे आकडे, कोयनाकाठ यांनी आपल्या गाडीचं मॅन्युअल शोधावं.

नुसतं सील बदलायचं असेल तर इथे बहुतेक जण स्लीव्ह बदलत नाहीत. नट खोलण्याआधी प्रीलोड मोजून लिहून ठेवायचा. पंचने नटावर, दांड्याच्या टोकावर आणि फ्लँजवर खुणा करायच्या, बाहेर किती आटे दिसतात ते मोजायचं. सील बदलून नट त्या खुणेपर्यंत आणायचा आणि मग थोडा थोडा पुढे, आधीच्या आकड्यापेक्षा ३ ते ५ इंच-पाउंड जास्त होईपर्यंत. स्लीव्ह तेवढी आणखी चेपते आणि ताण परत येतो.

वर्कशॉपची_ताई

पद्धत बरोबर आहे, एका अटीवर. आधीचा प्रीलोड निरोगी असला पाहिजे. कोयनाकाठ यांच्या गाडीत आवाज आहे. प्रीलोड आधीच गेलेला असेल तर ती खूण आजारी अवस्थेची खूण आहे. तिथे नट परत नेऊन काय मिळवणार?

म्हणून खोलण्याआधी ताणकाट्याने माप घ्या. दोन्ही मागची चाकं उचला, गाडी घोड्यांवर ठेवा, पुढच्या चाकांना ओट (अडवायचे ठोकळे) लावा, ड्रम काढा, प्रोपेलर शाफ्ट सोडा. शाफ्ट आणि फ्लँजवर आधी खूण करायला विसरू नका, नाहीतर बॅलन्स जातो. मग दोरी लावून ओढा. या अवस्थेत क्राऊन आणि ॲक्सलही सोबत फिरत असतात, म्हणून आकडा नुसत्या पिनियनपेक्षा जास्तच येणार. तरीही तो कमी आला तर समजा पिनियन ढिला आहे. फ्लँज धरून आतबाहेर आणि वरखाली हलवूनही पाहा.

कोयनाकाठ

माप घेतलं. फ्लँजचा व्यास बरोबर १० सेंमी. काटा १ किलोच्या आसपास, म्हणजे अर्धा न्यूटन-मीटर, आणि त्यात क्राऊन, ॲक्सल, सील सगळं आलं. फ्लँज वरखाली हलत नाही, पण जोराने आतबाहेर केला की अगदी बारीक टक जाणवते. मॅन्युअल मिळालं. गाडीत क्रश स्लीव्ह आहे. नव्या बेअरिंगांसाठी नुसत्या पिनियनचा आकडा १.७ ते ३.४ न्यूटन-मीटर.

दापोडी_निवृत्त

टक जाणवते म्हणजे नुसतं सील घालून भागणार नाही. पूर्ण डिफरन्शियल बाहेर काढा. तुमचं हौसिंग मागून बंद, पुढून बोल्टांचं असेल तर दोन्ही ॲक्सल शाफ्ट ओढून अख्खं युनिट पुढून बाहेर येतं. जड असतं, एकट्याने काढू नका. टेबलावर क्राऊन बाजूला करा, पिनियन काढा, बेअरिंगांचे कप उजेडात बघा.

डिझेल_धूर

आणि नट आवळताना फ्लँज धरायची सोय आधी करा. जाड लोखंडी पट्टी, मीटरभर लांब, तिला फ्लँजच्या दोन भोकांना जुळतील अशी भोकं पाडून बोल्ट लावा. दुसरं टोक जमिनीला किंवा टेबलाच्या पायाला टेकवा. क्राऊनच्या दातात काहीतरी अडकवून पिनियन धरणारे लोक मी पाहिलेत, दाताचा टवका उडाला की सगळा सेट गेला.

इम्पॅक्ट गनबद्दल: खोलायला वापरा, हरकत नाही. शेवटचं आवळायला नाही. स्लीव्ह चेपायला लागल्यावर ढिला पिनियन ते जाम पिनियन हे अंतर नटाच्या अगदी थोड्या फिरण्याचं असतं, गनला ते कळत नाही.

कोयनाकाठ

काम झालं. शेजारच्या दोघांनी युनिट उतरवायला मदत केली. सगळं लिहितो, पुढे कोणाला उपयोगी पडेल.

टेल बेअरिंगच्या कपावर रोलरच्या रुंदीचे राखाडी पट्टे होते, बोट फिरवलं की नखाला खरखर लागत होती. हेड बेअरिंग दिसायला बरं होतं, पण दोन्ही बदलली. हेड बेअरिंगखालची शिम मायक्रोमीटरने मोजून तीच परत घातली, कारण पिनियन किती आत बसतो ते तीच ठरवते. नवी स्लीव्ह, नवा नट, सील मात्र शेवटच्या आवळण्याआधीच बसवलं.

नट आवळतानाचा अनुभव ऐकून असूनही चकित झालो. पाइप घालून जोर लावतोय, लावतोय, आणि फ्लँजची ढिलाई तशीच. स्लीव्ह ढिम्म. मग एका क्षणी नट हलला, अगदी सहज वाटावं असा, आणि ढिलाई गेली. तिथून पुढे पान्याचा प्रत्येक छोटा ओढा झाला की थांबून, फिरवून, दोरी लावून मोजलं. काटा आधी दीड किलो, मग अडीच, मग एका ओढ्यात थेट चारच्या वर. त्यानंतर पाइप काढून आखूड पान्यानेच हात लावला. ४ किलो ७०० ग्रॅमवर थांबलो. ४.७ गुणिले ९.८१ गुणिले ०.०५ म्हणजे २.३ न्यूटन-मीटर. मर्यादेच्या आत, मध्याच्या जरा खाली.

हातोडा_छन्नी

अडीचवरून थेट चार! म्हणजे पाइपवर लोंबकळून मी किती पुढे जात असेन. उद्यापासून काटा माझ्या खोक्यात असेल.

डेट्रॉईटकर

फार छान काम. दातांचा ठसा पाहिलात का? बॅकलॅश, म्हणजे दातांमधली ढिलाई?

कोयनाकाठ

हो. क्राऊनच्या काही दातांना निळा रंग लावून फिरवलं. ओढीच्या बाजूचा ठसा दाताच्या मध्यावर, किंचित आतल्या टोकाकडे. उताराच्या बाजूचा थोडा पसरट, तिथे दात आधीच घासलेला दिसतो. बॅकलॅश डायल गेजवर ०.१५ मिमी, मॅन्युअलच्या मर्यादेत.

वर्कशॉपची_ताई

ठसा मध्यावर आहे म्हणजे शिम बरोबर बसली. उताराच्या बाजूचा दात घासलेला असेल तर थोडा सूर राहू शकतो, त्याला बेअरिंग जबाबदार नाही. घासलेला ठसा शिम बदलून दुरुस्त करायला जाऊ नका, जुळलेले दात बिघडतील.

एक विचारायचं राहिलं, वॉशरखाली फ्लँजच्या स्प्लाईनला सीलंट लावलं का? सील उत्तम असूनही स्प्लाईनच्या खाचांमधून तेल नटापर्यंत येतं आणि लोक परत सील बदलत बसतात.

कोयनाकाठ

लावलं, ताई. पातळ थर, आतल्या बाजूला जाणार नाही असा. आणि फ्लँजवर जिथे सीलचा ओठ घासतो तिथे बारीक चर पडली होती, नखाला लागेल इतकी. नव्या सीलचा ओठ त्याच चरीवर आला असता तर तेही गळलं असतं. लेथवाल्याकडून त्यावर पातळ पोलादी बाही चढवून घेतली.

नवा_पाना

वाचून डोक्यात बरंच शिरलं. एक प्रश्न, तेल कुठलं भरलं? आमच्याकडे एक जण म्हणतो गिअरबॉक्सचंच तेल मागेही चालतं.

दापोडी_निवृत्त

नाही चालत. हायपॉईड दात घासत सरकतात, तिथे साध्या तेलाचा पापुद्रा टिकत नाही. जीएल-५ दर्जाचं ईपी (अति दाब सोसणारं) तेल लागतं, बहुतेक गाड्यांना ८०डब्ल्यू-९०. उलट तेच जीएल-५ तेल जुन्या गिअरबॉक्समध्ये सरसकट घालू नका, काही गाड्यांच्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर अलगद पडावा म्हणून असतात त्या) ते मानवत नाही. दोन्हीकडचं मॅन्युअल वेगवेगळं वाचा. पातळी गाडी सपाट जागी उभी करून, भरण्याच्या भोकाच्या कडेपर्यंत.

रानजीप

माझी जीप पावसाळ्यानंतर खोलणार आहे. शिमवाल्या ॲक्सलवरही ताणकाटा लावून बघतो. इतकी वर्षं फक्त टॉर्कवर विश्वास ठेवलाय, शिम बरोबर आहेत की नाही हे कधी मोजलंच नाही.

वर्कशॉपची_ताई

जरूर मोजा. जास्त जड फिरला तर दोन बेअरिंगांमधली शिम थोडी वाढवायची, हलका फिरला तर कमी करायची. शिम वाढली की प्रीलोड कमी होतो, हे पोरं नेहमी उलटं लिहितात. बेअरिंग बदललं नसेल तर वापरलेल्या बेअरिंगचा आकडा धरा, नव्याचा नाही.

कोयनाकाठ

काल सामान भरून चिपळूणला जाऊन आलो. उतारावर सूर अजून आहे, पण फक्त एका वेगाला आणि कान देऊन ऐकला तर. सीलखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं, कोरडं आहे. हौसिंगच्या नाकावर हात ठेवता येतो, जास्त तापलेलं नाही. थोडं चालवून झालं की तेल काढून चुंबकावर भुगा किती येतो ते बघणार आहे, फोटो इथेच टाकेन.